पाच व्होल्ट कुठे मुरतात?

इंजिन सुरू आहे, धूर नाही, आवाज खणखणीत, टाकीत डिझेल ताजे. पण पॅडल कितीही दाबले तरी गाडी वेग घेत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला. स्कॅनर लावला की चार-पाच कोड एकदम समोर येतात : रेल प्रेशर सेन्सर, बूस्ट प्रेशर सेन्सर, ईजीआर (जळालेला वायू परत इंजिनात फिरवणाऱ्या) व्हॉल्व्हची स्थिती, पॅडलचा एक ट्रॅक, आणि त्या गर्दीत एक ओळ, ‘सेन्सर पुरवठा व्होल्टेज कमी’. पुष्कळदा चूक इथेच होते. पहिले चार कोड वाचून चार पार्ट मागवले जातात आणि जिच्यात सगळ्याचे मूळ आहे ती पाचवी ओळ तशीच राहते. मालकाचे पैसे जातात, हंगामाचे दिवस जातात आणि दिवा पुन्हा लागतो.

हा लेख त्या पाचव्या ओळीबद्दल आहे. वर्धा शहराला खेटून असलेल्या पिपरी मेघेसारख्या ठिकाणी तो लिहिण्याला कारण आहे. कापूस, सोयाबीन, तूर यांच्या या पट्ट्यात डिझेलवर चालणारी यंत्रे नाना तऱ्हेची : नांगरटीचे ट्रॅक्टर, जिनिंगला कापूस नेणारे पिकअप, मुरूम-गिट्टीचे टिपर, जेसीबी, बोअरवेलच्या गाड्या, हंगामात येणारे हार्वेस्टर, दवाखान्यांचे आणि मंगल कार्यालयांचे जनरेटर. कंपनीचे वर्कशॉप नागपूरला किंवा शहरात, आणि वॉरंटी संपली की गाडी येते ती गावातल्या मिस्त्रीकडेच. निदान बरोबर झाले तर ते तिथेच होणार, आणि चुकले तर त्याची किंमतही तिथेच मोजली जाणार.

डिझेल इंजिन इथे नवे नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात पुण्यात १९४६ साली झाली आणि विहिरीवर स्वतःचे डिझेल इंजिन असणे ही पुढे कित्येक वर्षे सधन शेतकऱ्याची खूण होती. त्या इंजिनात सेन्सर नव्हताच. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर, निळा म्हणजे ऑइल जळते आहे. मिस्त्री धूर पाहून आणि आवाज ऐकून निदान करी आणि ते बहुधा खरे ठरे.

धुराचे नियम कडक होत गेले तसे हे बदलले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. जेसीबीसारख्या चाकांच्या बांधकाम यंत्रांना पुढचा टप्पा १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला, ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे निकष १ जानेवारी २०२३ पासून, आणि जनरेटरांना सीपीसीबी-४ प्लस १ जुलै २०२३ पासून. हे निकष पाळायचे तर डिझेल किती, केव्हा आणि किती दाबाने सोडायचे हे कॉम्प्युटरनेच ठरवावे लागते आणि कॉम्प्युटरला डोळे-कान लागतात, म्हणजे सेन्सर. ५० एचपीच्या आतल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर अजून जुना यांत्रिक पंपच आहे. म्हणून आज एकाच गॅरेजच्या आवारात वायरिंगचा जवळजवळ पत्ताच नसलेला ट्रॅक्टर आणि दीडेक डझन सेन्सरांचा पिकअप शेजारी उभे दिसतात, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हाती असतात. त्याच्याकडून दोन पिढ्यांच्या ज्ञानाची अपेक्षा आपण करतो, ते त्याला शिकवण्याची सोय मात्र फारशी केलेली नाही.

आता पाच व्होल्टकडे येऊ. बॅटरीचा दाब कधी स्थिर नसतो. १२ व्होल्टची बॅटरी स्टार्टर मारताना नऊ-दहावर घसरते आणि अल्टरनेटर चालू झाला की चौदाच्या वर जाते; ट्रक आणि मोठ्या यंत्रांच्या २४ व्होल्टच्या जोडीचेही तसेच. असा वरखाली होणारा दाब सेन्सरला देऊन चालत नाही. म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच्या पोटात बॅटरीच्या दाबातून पक्के पाच व्होल्ट तयार करतो आणि ते सेन्सरांना वाटतो. तीन वायरींच्या सेन्सरात एक वायर या पुरवठ्याची, एक परतीची म्हणजे सेन्सरच्या अर्थची, आणि तिसरी सिग्नलची. रेल प्रेशर सेन्सर घ्या : इंजिन बंद, रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या दाबाच्या नळीत, दाब नाही, तर सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट; दाब चढत गेला की सिग्नल वर, जवळपास साडेचारपर्यंत. शून्य किंवा पूर्ण पाच हे आकडे मुद्दाम मोकळे ठेवलेले असतात. ते दिसले की वायर तुटली किंवा चिकटली हे ईसीएमला कळते.

यात एक गोष्ट विशेष आहे. बहुतेक सेन्सरांचा सिग्नल पुरवठ्याच्या प्रमाणात असतो आणि तो मोजताना ईसीएम त्याच पाच व्होल्टचे माप वापरतो. पुरवठा ५ ऐवजी ४.९५ झाला तर सिग्नलही त्याच प्रमाणात उतरतो आणि उत्तर बरोबरच येते. म्हणजे थोडासा फरक पचवण्याची सोय रचनेतच आहे. पण ही सोय एका पट्ट्यापुरती. अनेक इंजिनांच्या पुस्तकांत हा पट्टा ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असा दिलेला असतो. पुरवठा त्याखाली गेला की ईसीएम त्या गटातल्या कुठल्याच सेन्सरवर विश्वास ठेवत नाही, ठरावीक आकडे धरून इंजिन जेमतेम चालवतो आणि ताकद कापतो. रेल प्रेशर किंवा कॅम सेन्सर त्याच गटात असेल तर इंजिन सुरूच होणार नाही असेही घडते.

‘गट’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. ईसीएममधून पाच व्होल्टची एकच ओळ निघत नाही. दोन, तीन किंवा जास्त निघतात आणि एकेका ओळीवर अनेक सेन्सर टांगलेले असतात. कार-पिकअपच्या कोडांत या ओळींना ए, बी, सी म्हणतात : पी०६४२ म्हणजे ए ओळ कमी, पी०६५२ म्हणजे बी, पी०६९८ म्हणजे सी. जड वाहनांच्या जे-१९३९ पद्धतीत एसपीएन ३५०९, ३५१०, ३५११ अशा क्रमांकांनी त्या ओळखल्या जातात आणि त्यांच्यापुढे एफएमआय, म्हणजे बिघाडाचा प्रकार सांगणारा आकडा, ४ असेल तर व्होल्टेज कमी किंवा खालच्या बाजूला शॉर्ट, एफएमआय ३ असेल तर व्होल्टेज जास्त. कमिन्स इंजिनांवर काम करणाऱ्यांना यांतले व्होल्टेज कमीचे कोड ३५२ आणि १८७ या क्रमांकांनी ओळखीचे आहेत. अॅक्सिलरेटर पॅडलमध्ये तर दोन स्वतंत्र ट्रॅक असतात आणि पुष्कळ गाड्यांत त्यांना दोन वेगळ्या ओळी दिलेल्या असतात, एक गेली तरी दुसरीवरून पॅडलची खात्री करता यावी म्हणून.

या सगळ्या विषयातला कळीचा मुद्दा पुढचा आहे, आणि तो समजला की अर्धे निदान झाले. पुरवठ्याचा कोड ईसीएम कशावरून देतो? स्वतःच्या दाराशी पाच व्होल्ट आहेत की नाहीत यावरून. एखाद्या सेन्सरकडे जाणारी वायर मध्येच तुटली तर ईसीएमच्या दाराशी पाच व्होल्ट जसेच्या तसे राहतात. उपाशी राहतो तो एकटा सेन्सर आणि कोड येतो त्याच्या सिग्नलचा. पुरवठाच कमी असल्याचा कोड येतो तेव्हा वायर तुटलेली नसते. बॅटरी ठीक असेल तर कुठेतरी वाजवीपेक्षा जास्त करंट खेचला जातो आहे, म्हणजे पुरवठा कुठेतरी बॉडीला, परतीच्या वायरीला किंवा सेन्सरच्या पोटातच शॉर्ट झाला आहे. ठिबक लावलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही. एक नळी फाटली की सगळ्या शेतातला दाब उतरतो, शेवटच्या झाडाला पाणी पोहोचत नाही, आणि त्या झाडापाशी कितीही खणले तरी दोष सापडत नाही. तो कॉक एकेक करून बंद करतो आणि कोणता बंद केल्यावर गेजचा काटा उठतो ते पाहतो. सेन्सरांचेही नेमके असेच करायचे.

ईसीएम हुशारीने बनवलेला असतो. शॉर्ट झाला तरी तो या ओळीतून ठरावीक मर्यादेपलीकडे करंट जाऊ देत नाही. त्यामुळे फ्यूज उडत नाही, वायर जळत नाही, वास येत नाही. जुन्या वायरिंगची सवय असलेला माणूस जळका वास आणि उडालेला फ्यूज शोधत राहतो. इथे त्या दोन्ही खुणा मिळत नाहीत.

कारणे शोधायला लांब जावे लागत नाही, वर्ध्याचे हवामान आणि आपल्या सवयी पुरेशा आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. बॉनेटखाली टर्बोजवळ त्याच्या कितीतरी वर. प्लॅस्टिकच्या क्लिपा कडक होऊन तुटतात, वायरींचा झुपका, म्हणजे हार्नेस, खाली लोंबतो आणि ब्रॅकेटच्या धारेवर घासत राहतो. काळ्या मातीचा चिखल हार्नेसवर बसून वाळतो, त्याचे वजन होते, आणि खड्ड्यात प्रत्येक आदळीबरोबर ते वायर ओढते. पावसाळ्यात उंदीर शेतातून गोठ्यात येतात आणि उभ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली घर करतात. त्यांनी कुरतडलेल्या दोन वायरी शेजारीशेजारी उघड्या पडल्या की काम झाले. दसऱ्याला यंत्राची पूजा करतो म्हणून आदल्या दिवशी प्रेशर पंपाने इंजिन लख्ख धुतात. रबरी सील जुने असेल तर पाणी थेट कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या पिनांच्या जोडणीत, जाते, काही दिवसांत पिनांवर हिरवा थर चढतो आणि दोन पिनांमध्ये पूल तयार होतो. सोयाबीन काढणीचे दिवस नेमके हेच. इंजिन कापडाने पुसावे, हवा मारावी. दाबाचे पाणी कपलरांवर मारू नये, एवढे पाळले तरी बऱ्याच गाड्या गॅरेजला येणार नाहीत.

माणसाच्या हातून होणारी कारणे वेगळी. जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा, म्युझिक सिस्टिम, जादा लाइट बसवताना मिळेल त्या वायरीला चिमटा काढून जोड दिला जातो. ती वायर सेन्सर पुरवठ्याची निघाली तर त्या उपकरणाचा करंट पाच व्होल्टच्या ओळीला झेपत नाही. क्लच किंवा गिअरबॉक्सचे काम झाल्यावर हार्नेस मूळ जागी न बसवता नटाखाली दाबला जातो. टिपरच्या बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरी सोडवलेली नसते आणि वेल्डिंगचा करंट वायरिंगमधून आपली वाट काढतो. गाडी आली की मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : दिवा लागण्याआधी गाडीवर काय काम झाले? धुतली का, वेल्डिंग केले का, काही नवे बसवले का? स्कॅनरला जे कधीच कळणार नाही ते या तीन उत्तरांत मिळते.

निदानाचा क्रम काही गुपित नाही, पण तो धीराने पाळणारे थोडे. सगळे कोड आधी लिहून घ्यावेत, लगेच पुसू नयेत. कोड चालू आहे की जुना साठलेला, तो कुठल्या कॉम्प्युटरने दिला, आणि तो आला तेव्हा बॅटरी किती होती हे स्कॅनर सांगतो. जड वाहनात एक्झॉस्टच्या यंत्रणेला वेगळा कॉम्प्युटर असू शकतो, त्याच्या स्वतःच्या पाच व्होल्टच्या ओळी असतात, आणि कोडचा मालक न पाहता इंजिनाच्या वायरींत शोध घेणे म्हणजे चुकीच्या घरी चोर शोधणे. मग बॅटरी. उभ्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. स्टार्टर मारताना ती फारच खाली जात असेल तर ईसीएमलाच पाच व्होल्ट बनवता येत नाहीत आणि कोड फक्त सुरू करताना येतो. अशा गाडीचा दोष बॅटरीत, तिच्या टर्मिनलांत किंवा अर्थच्या पट्टीत असतो. सेन्सरला हात लावायचे कारणच नसते.

यानंतर मीटर. चावी चालू, इंजिन बंद, हाताला सहज येणाऱ्या सेन्सरचा कपलर, लाल टोक पुरवठ्याच्या पिनवर, काळे टोक बॅटरीच्या मायनसवर. वायरीला सुई टोचून मोजू नये. त्या छिद्रातून पावसाचे पाणी जाते आणि पुढच्या वर्षीचा बिघाड आपणच पेरतो. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजावे. आकडा ०.०५ च्या आसपास असेल तर धातूला थेट शॉर्ट. एक ते चारच्या मधे कुठेतरी असेल तर अर्धवट शॉर्ट, बहुधा सेन्सरच्या आतला किंवा गंजलेल्या पिनांचा. आकडा एकसारखा नाचत असेल तर ईसीएम पुरवठा चालू-बंद करून पाहतो आहे. आणि मग काळे टोक बॅटरीच्या मायनसवरून काढून सेन्सरच्या परतीच्या पिनवर लावावे. ही दुसरी मोजणी फार थोडे लोक करतात आणि ती सोन्यासारखी आहे. बॅटरीच्या मायनसशी ५.४ आणि परतीच्या पिनशी ५.० आले, तर पुरवठा ठीक असून ईसीएमची अर्थ खराब आहे; त्याचा शून्यच ०.४ व्होल्टने वर उचललेला आहे. उलट बॅटरीशी ५.० आणि परतीशी ४.३ आले, तर त्या सेन्सरची परतीची वायर किंवा पिन सैल आहे.

पुरवठा खरोखर कमी दिसला, की त्या ओळीवरचे सेन्सर एकेक करून काढायचे आणि मीटरवर नजर ठेवायची. ज्या सेन्सरचा कपलर काढताच आकडा उसळी मारून ५ वर येतो, दोष त्याच्या आत किंवा त्याच्या कपलरमध्ये. काही ईसीएम शॉर्ट निघाल्यावरही चावी बंद-चालू केल्याशिवाय पुरवठा परत देत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी चावी फिरवलेली बरी. दोन वायरींचे तापमान सेन्सर सहसा या ओळीवर नसतात, त्यांना ईसीएमच्या आतून रेझिस्टरमार्फत दाब मिळतो. नॉक्स सेन्सर बॅटरीवर चालतात. त्यांना काढत बसण्यात वेळ घालवू नये. इंजेक्टरच्या वायरींना तर हातच लावू नये, तिथे बॅटरीच्या कितीतरी पट दाब असतो. आणि रेलचा पाइप चालू इंजिनावर ढिला करणे हा जिवाशी खेळ आहे.

सेन्सर सापडला असे वाटले तरी काम संपलेले नाही. कपलर परत लावावा. आकडा पुन्हा पडला पाहिजे. न पडला तर कपलर काढताना वायर हलली आणि शॉर्ट तात्पुरता सुटला, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच : बिघाड मुद्दाम परत आणता आला तरच तो सापडला म्हणायचा.

सगळे सेन्सर काढले आणि तरी आकडा खालीच, तर हार्नेस. बॅटरी सोडवायची, ईसीएमचा कपलर काढायचा आणि पुरवठ्याच्या पिनपासून बॉडीपर्यंत ओहम मोजायचे. दोन-चार ओहम आले तर शॉर्ट तिथेच आहे. मग मधले जोड-कपलर सोडवून हार्नेसचे अर्धे-अर्धे भाग करत जायचे. पूर्ण हार्नेस उघडायची गरज फार क्वचित पडते.

एक प्रसंग जवळून पाहू; अशा गाड्या कुठल्याही मिस्त्रीला ओळखीच्या वाटतील. कापसाचा पिकअप आला आहे. ड्रायव्हर म्हणतो, “भाऊ, रिकामी बरोबर चालते, भरली की लाइट लागतो.” आवारात मीटरवर ५.०१. सगळे ठीक. बूस्ट सेन्सर नवा टाकून झालेला आहे, रेल प्रेशर सेन्सरही. दोन्ही बिलांनी मालक वैतागलेला. पण ड्रायव्हरच्या वाक्यातच उत्तर आहे. भरलेली गाडी चढावर ओढताना इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर एका अंगाला कलते, रिकाम्या गाडीत तेवढे कलत नाही. म्हणजे कुठलीतरी वायर इंजिन कलल्यावरच कशाला तरी टेकते. मीटर कमीत कमी आकडा धरून ठेवण्याच्या सेटिंगवर ठेवायचा आणि हार्नेस हाताने, एकेक वीत हलवत जायचा. ईजीआर व्हॉल्व्हच्या मागे पोहोचताच आकडा ५.०१ वरून ०.०६. तिथली क्लिप तुटलेली, वायर लोखंडी ब्रॅकेटच्या धारेला टेकलेली, इन्सुलेशन नखाएवढ्या जागेत घासून गेलेले आणि आत तांबे चमकते आहे. उपाय : बॅटरी सोडवून जोड पक्का करायचा, आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवायची, बाहेरून स्लीव्ह घालायची आणि नवी क्लिप लावून वायर ब्रॅकेटपासून दूर बांधायची. नुसती काळी टेप गुंडाळली तर इंजिनाच्या उष्णतेत तिचा गोंद पाझरतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती सुटते. पार्ट कुठलाच लागला नाही. बदललेले दोन्ही सेन्सर निर्दोष होते.

हत्यारांबद्दल मतभेद आहेत. काही जण अजून बल्बचा टेस्टलॅम्प वापरतात. बॅटरीच्या जाड वायरी तपासायला तो उत्तम, कारण तो खरोखरचा भार टाकतो आणि एकाच तारेवर तग धरून असलेली वायर उघडी पाडतो. पण पाच व्होल्टच्या ओळीला तो लावणे चूक आहे. सेन्सर थोडेसेच मिलिअँपिअर खातो. बल्ब त्याच्या कितीतरी पट ओढतो, पुरवठा पाडतो आणि नसलेला बिघाड तयार करतो. साधा डिजिटल मीटर या कामाला पुरेसा आहे. ऑसिलोस्कोप असेल तर क्षणभर येणारा शॉर्ट चांगला पकडता येतो, पण त्याच्याशिवाय अडते असे नाही. महागडा स्कॅनर घेतला म्हणजे निदान येते, हा समज मात्र मोडायला हवा. स्कॅनर कुठल्या ओळीवर शोधायचे ते सांगतो. दोष कुठल्या इंचावर आहे ते मीटर सांगतो.

ईसीएम बदलण्याचा सल्ला शेवटी यावा, आणि गॅरेजमध्ये तो फार लवकर येतो. सगळे सेन्सर मोकळे, हार्नेस ओहमवर स्वच्छ, ईसीएमला बॅटरीचा पूर्ण दाब आणि भाराखाली पक्की अर्थ मिळते आहे, आणि तरीही त्याच्या स्वतःच्या पिनवर पाच व्होल्ट येत नाहीत, हे चारही ठरले तरच ईसीएमवर बोट ठेवावे. नव्याला त्या गाडीची प्रोग्रामिंग लागते, आणि हार्नेसमधला शॉर्ट राहून गेला तर नव्यालाही तोच त्रास.

या सगळ्यासाठी जी एक वस्तू सगळ्यात जास्त लागते तीच गावात मिळत नाही : वायरिंगचा नकाशा. कुठल्या ओळीवर कोणते सेन्सर आहेत, कुठली पिन पुरवठ्याची, मधले कपलर कुठे आहेत, हे माहीत नसेल तर चांगला मिस्त्रीसुद्धा अंदाजावर येतो आणि अंदाजावर पार्ट बदलले जातात. आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा ट्रेड एक वर्षाचा आहे. तेवढ्या काळात यांत्रिक पंपापासून बीएस-६ पर्यंत सगळे शिकवायचे तर मीटर धरण्याचा हात तयार व्हायला वेळ कुठून मिळणार? भंगारातून आणलेला ईसीएम, त्याचा हार्नेस, पाच-सहा सेन्सर आणि शॉर्ट करणारी बटणे एका फळीवर बसवली तर विद्यार्थी एका दुपारी जे शिकेल ते पुस्तकाच्या दहा पानांत नाही. असे बोर्ड प्रत्येक आयटीआयमध्ये हवेत, आणि संध्याकाळी ते गावातल्या मिस्त्रींनाही खुले हवेत.

माहितीच्या हक्काची लढाई जगात इतरत्र पुढे गेली आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मोटारींच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना देण्याचा कायदा २०१२ साली झाला. जॉन डिअर कंपनी आणि तिथली शेतकरी संघटना अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन यांच्यात जानेवारी २०२३ मध्ये निदानाची साधने आणि पुस्तके उपलब्ध करून देण्याबाबत करार झाला. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले; वाहने आणि शेतीची यंत्रे ही दोन्ही क्षेत्रे त्यात धरलेली आहेत. पाऊल चांगले आहे. पण पोर्टलवर कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक आणि सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळून मिस्त्रीचे काम भागत नाही. त्याला पिनांचा नकाशा हवा आणि तो मराठी खुणांसह हवा. महिंद्राचे ट्रॅक्टर नागपूरच्या कारखान्यात बनतात, जॉन डिअरचे आणि कमिन्सची इंजिने पुणे परिसरात. मराठी मुलखात बनणाऱ्या यंत्राची वायरिंगची पाने मराठीत छापणे हे काही अवघड काम नाही. कंपन्यांनी ते स्वतःहून करावे. न केल्यास राज्य सरकारने ट्रॅक्टरवरच्या अनुदानाला ही अट जोडावी.

आणि गाडीच्या मालकांना एक विनंती. ‘सेन्सर पुरवठा कमी’ हा कोड आला असेल आणि कोणी पार्ट बदलायला सांगत असेल, तर होकार देण्याआधी दोन आकडे दाखवायला सांगा : तो पार्ट जोडलेला असताना पुरवठ्याच्या पिनवर किती व्होल्ट, आणि काढल्यावर किती. पार्ट काढताच आकडा पाचवर आला आणि परत जोडताच पुन्हा पडला, तर बिल आनंदाने द्या. आकडा हललाच नाही, तर तो पार्ट निर्दोष आहे. मिस्त्रीला शोधायला आणखी एक दिवस द्या आणि त्या दिवसाची मजुरी पूर्ण द्या.